काट्यावर कॉम्प्युटर आहे, पण नोंद वहीतच होते: काय करावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. यवतमाळ जिल्ह्याच्या दारव्हा तालुक्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीसाठी तुम्ही कापूस संकलन केंद्राचं सॉफ्टवेअर केलं. गाडीची नोंद, वजन, ओलावा, ग्रेड, पावती, हिशोब असं सगळं त्यात आहे. ट्रेनिंगही झालं. तरी काट्यावरची मुलं दिवसभर वहीत लिहितात आणि संध्याकाळी बसून सगळं कॉम्प्युटरवर चढवतात. संचालक म्हणतात, अजून एक ट्रेनिंग घ्या. भागीदार म्हणतो, पुण्याच्या डिझायनरकडून स्क्रीन देखण्या करून घेऊ. आणि तुम्हाला विचारायचं आहे की वापरायला सोपं सॉफ्टवेअर घडवायची काही अभियांत्रिकी पद्धत असते, की हा ज्याच्या त्याच्या आवडीचा मामला.

पद्धत आहे, आणि ती चाळीस वर्षांहून जुनी आहे. ट्रेनिंग आणि डिझायनर दोन्ही तूर्त थांबवा. आधी एक खुर्ची घेऊन काट्याच्या खोलीत बसा आणि वही कशी चालते ते बघा. मुलांना काहीही शिकवू नका, स्क्रीनला हात लावू नका. तुमची स्पर्धा दुसऱ्या कुठल्या सॉफ्टवेअरशी नाही, त्या वहीशी आहे, आणि वही का जिंकते हे कळल्याशिवाय पुढचं सगळं अंदाजपंचे.

तुम्ही जी स्क्रीनची चित्रं पाठवलीत त्यावरून मला एक कारण आताच दिसतं. भरलेली गाडी काट्यावर चढते तेव्हा वजनाचा पहिला आकडा मिळतो. मग ती आत जाते, माल खाली होतो, आणि रिकामी गाडी परत काट्यावर येते तेव्हा दुसरा आकडा. ऐन हंगामात या दोन्हींमध्ये तास-दोन तास सहज जातात, आणि तेवढ्यात मागच्या कितीतरी गाड्या चढून-उतरून गेलेल्या असतात. तुमच्या फॉर्ममध्ये मात्र रिकाम्या गाडीचं वजन टाकल्याशिवाय ‘सेव्ह’ बटण उजळतच नाही. म्हणजे एक गाडी पूर्ण होईपर्यंत दुसरी सुरू करता येत नाही. वहीत काय होतं? पोरगा रिकाम्या वजनाचा रकाना कोरा सोडतो आणि पुढच्या ओळीवर जातो. गाडी परत आली की बोट फिरवून ओळ शोधतो आणि आकडा भरतो. या कामाला अर्धवट नोंदींची रांग लागते. ती वहीत आहे, तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये नाही. कितीही ट्रेनिंग दिलं तरी ही रांग कुठून येणार?

दुसरं, गाडी नंबर तुम्ही सक्तीचा ठेवला आहे. जवळच्या गावातून बंडीत कापूस आणणाऱ्याने काय लिहायचं? तिथे चार शून्यं पडत असणार. तुमचा डेटाबेस उघडून बघा, शून्यांच्या किती गाड्या ‘आल्या’ ते कळेल. असल्या खोट्या नोंदी म्हणजे वापरणाऱ्याने तुम्हाला लिहिलेली चिठ्ठी असते, फॉर्मवर कुठे अडलं ते ती सांगते. चाचणी घेण्याआधी मी नेहमी आधी त्याच काढतो.

आता पद्धतीकडे येतो. १९८५ साली आयबीएमच्या जॉन गुल्ड आणि क्लेटन लुईस यांनी तीन तत्त्वं मांडली. वापरणारी माणसं आणि त्यांचं काम यांकडे सुरुवातीपासून लक्ष, प्रत्यक्ष वापराची मोजणी, आणि मोजून, सुधारून, पुन्हा मोजणं. वाचताना वाटतं, यात नवीन काय? पण चारशेहून जास्त व्यावसायिकांना त्यांनी सॉफ्टवेअर घडवण्याच्या पायऱ्या लिहायला सांगितल्या, तेव्हा तिन्ही गोष्टी लिहिणारे थोडेच निघाले. याच गुल्ड यांच्या गटाने १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकसाठी खेळाडूंना घरच्यांचे निरोप आवाजात ऐकवणारी यंत्रणा केली. तिची माहितीपुस्तिका त्यांनी कोड लिहिण्याआधी लिहिली, लोकांना वाचायला दिली, आणि लोक जिथे अडखळले तिथे यंत्रणाच बदलली. यंत्रणेच्या खांबाचा पोकळ नमुना त्यांनी ऑफिसच्या बोळात उभा केला होता, येणारे-जाणारे थांबून सूचना देत. तुम्हीही हे करा. काट्यावरच्या नवीन पोराला द्यायचा एक पानाचा कागद आधी लिहा: गाडी आली की हे दाब, मग हे विचार, मग हे लिही. तो कागद एका पानात मावत नसेल तर सॉफ्टवेअर जास्त झालं आहे.

यातली मोजणी म्हणजे नेमकं काय, यावर जरा थांबतो, कारण इथेच बहुतेक लोक घसरतात. ‘सॉफ्टवेअर युजर-फ्रेंडली असावं’ हे वाक्य प्रत्येक निविदेत असतं आणि त्यातून काहीच तपासता येत नाही. आयएसओ ९२४१-११ हे वापरसुलभतेचं आंतरराष्ट्रीय मानक १९९८ मध्ये आलं आणि २०१८ मध्ये सुधारलं गेलं. ते सांगतं की वापरसुलभता ठरवायची तर कोण वापरणार, कोणत्या कामासाठी आणि कोणत्या परिस्थितीत, हे आधी नक्की करा. मग तीन गोष्टी बघा: काम नीट पूर्ण होतं का, किती वेळ-श्रमात होतं, आणि वापरणारा समाधानी आहे का. परिस्थिती म्हणजे तुमच्याकडे पत्र्याची खोली, बाहेर हॉर्न, कीबोर्डवर सरकीची बारीक धूळ, खिडकीतून आत आलेले चार हात आणि मधूनच गेलेली लाइन. पुण्यातल्या एसी खोलीत सोपी वाटलेली स्क्रीन इथेही सोपी ठरेल, असं ते मानक कुठेच म्हणत नाही.

डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन आणि आयबीएम या कॉम्प्युटर कंपन्यांतल्या मंडळींनी ऐंशीच्या दशकात यासाठी एक साधा तक्ता रूढ केला. प्रत्येक गुणाची एक ओळ. त्यात तो कसा मोजणार, आज किती आहे, कमीत कमी किती चालेल, किती गाठायचं ठरवलं आहे आणि उत्तमात उत्तम किती शक्य आहे, हे लिहायचं. तुमच्या केंद्राची पहिली ओळ मी अशी लिहीन. बारावी पास, हंगामापुरता लागलेला, हे सॉफ्टवेअर कधी न पाहिलेला मुलगा. अर्धा तास दाखवल्यावर, रांग लागलेली असताना, भरल्या गाडीची नोंद किती सेकंदांत करतो? ‘आज’च्या रकान्यात वहीचा वेळ घड्याळ लावून लिहा. ‘कमीत कमी’च्या रकान्यातही तोच, कारण वहीपेक्षा हळू असेल तर कोणी वापरणार नाही. ‘ठरवलेलं’ त्याच्या थोडं खाली ठेवा. दुसरी ओळ चुकांची: शंभर पावत्यांत वजन किंवा नाव किती वेळा चुकलं आणि त्यातल्या किती चुका शेतकरी खिडकीवरून हलण्याआधी सापडल्या. तिसरी ओळ आठवणीची, आणि आपल्याकडे ती फार मोलाची. उलंगवाडी झाली, म्हणजे कापसाचा हंगाम संपला, की तो मुलगा दुसऱ्या कामाला जातो आणि पुढच्या दिवाळीनंतर परत येतो. आठ महिन्यांनी, कोणी न शिकवता, त्याला पहिली पावती फाडता येते का? रोज वापरायच्या सॉफ्टवेअरला ही ओळ लागत नाही. हंगामी कामात मात्र माझ्या मते ती वगळून चालणार नाही.

हा तक्ता भरला की भागीदाराशी वाद घालायचं कारण उरत नाही. निळं बटण की हिरवं, यावर कोणाचंही मत असू शकतं. तक्त्यातला आकडा हलला का, एवढंच विचारायचं.

चुकांच्या ओळीचं एक उदाहरण जवळून बघा, कारण ते तुमच्या स्क्रीनवर आहे. वजनाला तुम्ही एकच चौकट ठेवली आहे, क्विंटलमध्ये, दशांश टिंबासह. बारा क्विंटल पस्तीस किलो म्हणजे १२.३५, इथे सगळं ठीक. आता बारा क्विंटल पाच किलो. मापारी ओरडतो, ‘बारा, पाच!’ आणि मुलगा टाकतो १२.५. कॉम्प्युटर समजतो बारा क्विंटल पन्नास किलो. एका टिंबापायी ४५ किलो वाढले. २०२५-२६ चा लांब धाग्याचा हमीभाव, क्विंटलला ८,११० रुपये, धरला तर एका पावतीत साडेतीन हजारांच्या वर फरक. उलट दिशेनेही तेवढाच जातो, आणि तेव्हा तो शेतकऱ्याच्या खिशातून जातो. जमिनीच्या चौकटीत याच जातीची चूक आणखी खोल आहे. शेतकरी सांगतो ‘दोन एकर वीस गुंठे’, मुलगा टाकतो २.२०, आणि खरं आहे अडीच एकर, कारण एकराचे गुंठे चाळीस. सातबाऱ्यावर तेच क्षेत्र हेक्टर-आरमध्ये १.०१ असं दिसेल, तिथे टिंबानंतरचे दोन आकडे खरोखर शतांशाचे असतात. म्हणजे एकाच माणसाच्या एकाच कागदपत्रात टिंबाचे दोन अर्थ. एकरी मर्यादा लावून माल घेता तिथे २.२० टाकल्यामुळे त्या शेतकऱ्याचा काही कापूस नाकारला जाईल आणि का नाकारला हे खिडकीतल्या कोणालाच सांगता येणार नाही.

यावर प्रोग्रामरचा पहिला उपाय म्हणजे लाल अक्षरात सूचना. तो करू नका. मुलगा एवढंच विचारेल, ‘हे काहून लाल झालं बे?’ आणि काहीतरी दाबून पुढे जाईल. चूक होऊच शकणार नाही अशी चौकट करा. क्विंटल वेगळं, किलो वेगळं. एकर वेगळं, गुंठे वेगळे, आणि गुंठ्यांत ३९ च्या वर काही घेऊच नका. खाली मोठ्या अक्षरात आपोआप उमटू द्या: ‘बारा क्विंटल पाच किलो’. मुलगा ते मोठ्याने वाचतो आणि खिडकीतला शेतकरी कान देऊन ऐकतो, त्याच्यापेक्षा कडक तपासनीस तुम्हाला मिळणार नाही. शक्य असेल तर वजन हाताने टाकूच देऊ नका. इलेक्ट्रॉनिक काट्याच्या डिस्प्लेला मागे बहुधा कॉम्प्युटरला वायरने जोडायचा आरएस-२३२ चा जोड असतो, त्यातून आकडा सरळ घेता येतो. मात्र तो आकडा स्थिर झाल्यावरच घ्या, गाडी हलत असताना नको.

ओलाव्याच्या चौकटीलाही हेच लागू आहे. हमीभावाच्या खरेदीत ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, त्यापुढे १२ पर्यंत कपात आणि त्याच्या वर माल परत, हे प्रोग्राममध्ये आहेच. पण कपात झाली की ती का आणि किती झाली हे पावतीवर एका ओळीत छापा. नाहीतर प्रत्येक कपातीला मुलाला तोंडी हिशोब द्यावा लागतो आणि तुमचे वाचवलेले सेकंद तिथे जातात.

आता सेकंदांचंच बोलू. स्क्रीन बनवण्याआधी कागदावर वेळ काढता येतो, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. स्टुअर्ट कार्ड, थॉमस मोरान आणि अ‍ॅलन न्यूएल यांनी १९८० मध्ये मांडलेल्या हिशोबात सरावलेल्या माणसाच्या प्रत्येक हालचालीला सरासरी वेळ दिला आहे. एक कळ दाबायला ०.२८ सेकंद, माउसने जागेवर पोचायला १.१, कीबोर्ड आणि माउस यांच्यात हात हलवायला ०.४, आणि पुढे काय ते मनात ठरवायला १.३५. तुमच्या ग्रेडच्या ड्रॉपडाउनला हे लावू. ठरवणं, हात माउसकडे, यादीकडे जाणं, क्लिक, हव्या ओळीकडे जाणं, क्लिक, हात परत. क्लिकला ०.२ धरून एकूण ४.७५ सेकंद. त्याऐवजी ग्रेडला १, २, ३ अशी कळ दिली तर ठरवणं आणि एक कळ, १.६३ सेकंद. फरक तीन सेकंदांचा. तुमच्या फॉर्मवर असे पाच ड्रॉपडाउन आहेत. दिवसाला दोनशे गाड्या धरल्या तर हे पन्नास मिनिटांच्या वर जातं, आणि तेवढी रांग रस्त्यावर लांबते. हे आकडे सरावलेल्या, न चुकणाऱ्या माणसाचे आहेत, नवख्याला जास्त लागणार. दोन पर्यायांत कोणता बरा, हे ठरवायला मात्र पुरेसे आहेत.

हा हिशोब आंधळेपणाने करू नका, याची गोष्टही याच क्षेत्रातली आहे. अमेरिकेत नायनेक्स या टेलिफोन कंपनीला ऑपरेटरसाठी नवीन यंत्रं घ्यायची होती. ती जलद दिसत होती, कळाही कमी दाबाव्या लागत. वेन ग्रे, बॉनी जॉन आणि मायकेल अ‍ॅटवुड यांनी कामाचं प्रारूप मांडून आधीच सांगितलं की नवीन यंत्रावर प्रत्येक कॉलला जुन्यापेक्षा अर्ध्या सेकंदाहून अधिक वेळ जादा लागेल. प्रत्यक्ष चाचणीतही तेच निघालं. कारण असं की वाचवलेल्या कळा ग्राहक बोलत असतानाच्या होत्या, तो वेळ तसाही जात होता. वाढलेल्या कळा मात्र ज्यावर सगळं अडून असतं त्या वाटेवर आल्या होत्या. तुमच्याकडे ती वाट कोणती? गाडी काट्यावर चढून आकडा स्थिर होईपर्यंत मुलगा मोकळा असतो. नाव, गाव, मोबाइल तेव्हा विचारू द्या. आकडा स्थिर झाल्यावर त्याच्याकडे एकच काम उरलं पाहिजे, एक कळ दाबून वजन पक्कं करणं. आज तुमचा फॉर्म वजनापासून सुरू होतो आणि नाव शेवटी येतं. नेमकं उलटं.

नाव शोधण्याचा त्रास वेगळा सांगावा लागेल. कोणी सरकारी टायपिंगच्या परीक्षेसाठी मराठी शिकलेला असतो, कोणी इनस्क्रिप्ट हा कळफलक वापरतो, कोणी मोबाइलवर रोमन अक्षरांतून मराठी उमटवतो. पाटील-पाटिल हा ऱ्हस्व-दीर्घाचा घोळ तुम्हाला माहीत असेलच. पण ‘वऱ्हाडे’ आडनावाचं बघा. त्यातला अर्धा र युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर अक्षरं साठवतो त्या संकेतांत, दोन तऱ्हांनी लिहिता येतो, एकदा वेगळ्या ऱ ला हलंत लावून, एकदा साध्या र ला हलंत आणि एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. डोळ्याला दोन्ही सारखेच दिसतात, शोधताना मात्र एकाला दुसरा सापडत नाही, आणि सारखी अक्षरं एकाच रूपात आणणारं युनिकोडचं नेहमीचं सामान्यीकरण इथे कामी येत नाही. मग मुलगा तोच शेतकरी नव्याने नोंदवतो आणि एकाच माणसाची दोन खाती होतात. शोधासाठी नावाचं एक वेगळं सपाट रूप साठवा: ऱ्हस्व-दीर्घ एक, श-ष एक, अदृश्य चिन्हं काढलेली, दोन्ही तऱ्हांचा र एकच. आणि शोधाची पहिली वाट मोबाइलचे शेवटचे चार आकडे ठेवा, देवनागरीत टाकले तरी चालतील आणि रोमनमध्ये टाकले तरी.

चाचणी कशी घ्यायची, हे तुम्ही शेवटी विचारलं आहे. थोड्या माणसांत होते. जेकब नील्सन आणि थॉमस लँडॉअर यांच्या १९९३ च्या हिशोबात एकेका माणसाच्या चाचणीत सरासरी ३१ टक्के अडचणी उघड होत होत्या. त्या दराने पाच माणसांत चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशी टक्के सापडतात. पण ही पाच माणसं एकाच प्रकारची धरलेली आहेत. काट्यावरचा मुलगा, हिशोब बघणारा व्यवस्थापक आणि पावती वाचणारा शेतकरी हे तुमचे तीन प्रकार, त्यामुळे प्रत्येकातले थोडेथोडे घ्या. पाच माणसं, दुरुस्ती, पुन्हा वेगळी पाच, असं केलेलं पंधरांना एकदम बसवण्यापेक्षा कधीही बरं.

त्यांना ‘कसं वाटलं?’ मात्र विचारू नका. २०१२ मध्ये निकोला डेल आणि सहकाऱ्यांनी बंगळुरूत केलेल्या अभ्यासात, विचारणाऱ्यानेच बनवलं आहे असं वाटलेली वस्तू लोकांनी अडीच पट जास्त वेळा पसंत केली. विचारणारा परदेशी आणि सोबत दुभाषा असला की पाच पट. आपल्याकडे तर पाहुण्याचं मन मोडायचं नाही ही रीतच. ‘मस्त आहे साहेब’ ऐकून परत येणं सोपं असतं. म्हणून काम द्या आणि गप्प बसा. जॉन ब्रूक यांची वापरसुलभता मोजणारी दहा विधानांची प्रश्नावली १९८६ पासून वापरात आहे, पण तिच्यात एकाआड एक उलटी विधानं असतात. काट्यावरच्या घाईत लोक सगळीकडे एकच खूण करून मोकळे होतात, त्यामुळे तिथे मी ती वापरत नाही. कार्यालयातल्या व्यवस्थापकाला देऊन बघायला हरकत नाही. मुलांना मोठ्याने बोलत काम करायला सांगा, तेही घरच्या बोलीत. प्रमाण मराठीत बोलायला लावलं की ते जपून बोलतात, अडलेलं सांगत नाहीत. ‘थांब न गा, हे कुठं गेलं?’ असं तोंडातून आलं की वेळ लिहून ठेवा आणि तेव्हा स्क्रीनवर काय होतं तेही.

कोडबद्दल थोडंच. स्क्रीन चार वेळा बदलावी लागेल हे धरून चाला. त्यासाठी वजन-कपात-रकमेचा हिशोब स्क्रीनपासून पूर्ण वेगळा ठेवा. ट्रिग्वे रीन्सकॉग यांनी १९७९ च्या सुमाराला झेरॉक्स कंपनीच्या पार्क या प्रयोगशाळेत मांडलेली मॉडेल-व्ह्यू-कंट्रोलरची (हिशोब, स्क्रीन आणि कळांची हाताळणी वेगवेगळी ठेवायची) मांडणी आजही त्याच कामासाठी आहे. प्रत्येक चौकट सोडताच नोंद स्थानिक डिस्कवर गेली पाहिजे, नेट असो वा नसो, म्हणजे लाइन गेली तरी अर्धी पावती जिवंत राहील. कळ दाबल्यावर ०.१ सेकंदात काहीतरी हललेलं दिसावं. एक सेकंदाच्या वर गेलं तर मुलगा कळ पुन्हा दाबतो आणि पावती दोनदा निघते, म्हणून दुसरी दाब तिथे सरळ दुर्लक्षित करा.

कंपनीशी पुढचा करार करताना तो तीन ओळींचा तक्ता कराराला जोडा आणि शेवटचा हप्ता त्याला बांधा. हंगामाच्या पहिल्या आठवड्यात वही आणि स्क्रीन शेजारी चालतील, घड्याळ दोन्हीकडे लागेल, आणि स्क्रीन वहीच्या मागे राहिली तर दुरुस्ती तुमच्या खर्चाने, असं स्पष्ट लिहा. संचालकांना हे लगेच पटेल. दोनदा वजन करून मग पैसे देण्याचा व्यवहार ते रोज करतातच. त्या आठवड्याआधी अर्धवट गाड्यांची यादी, वेगळ्या चौकटी आणि नावाचा शोध एवढं नक्की करा. ड्रॉपडाउन नंतर काढले तरी चालतील.